निवारा केंद्रात साथीवर नजर कशी ठेवायची: सीना-भीमाकाठच्या गावांसाठी क्रमवार माहिती

सीनेला नाहीतर भीमेला पूर आला की काठची माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत, मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या सभामंडपात येऊन राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ, करमाळा भागात सीनाकाठी हेच झालं. जेवणाची, अंथरुणा-पांघरुणाची, जनावरांच्या चाऱ्याची सोय गावं मिळून लावतात. आरोग्य पथकही येतं, दाराशी टेबल मांडतं, गोळ्या देतं आणि संध्याकाळी 'आज इतके रुग्ण तपासले' असं वर कळवतं.

चूक इथेच होते. टेबलापाशी किती जण आले हा उपचाराचा आकडा आहे. केंद्रात कुणाला काय होतंय, कधीपासून होतंय आणि ते कालच्यापेक्षा वाढलंय का, हे त्यातून कळत नाही. जुलाब लागलेली बाई चार माणसांत टेबलापर्यंत येत नाही. तापानं पडलेलं म्हातारं माणूस कोपऱ्यात पडूनच राहतं. ज्यांची मोजणी व्हायला हवी तेच सुटतात, आणि साथ पसरल्यावर सगळे धावपळ करतात.

आशा, आरोग्यसेवक, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), ग्रामपंचायत अधिकारी, शाळेचे शिक्षक आणि मदतीला उभी राहणारी मंडळाची पोरं यांच्यासाठी हे लिहिलंय. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. वेळेवर बघणं, नीट लिहिणं आणि ताबडतोब कळवणं हे काम आपलं. खालचा क्रम मोडू नका. पहिले दोन टप्पे सोडून थेट फेरीला सुरुवात केली तर पुढची सगळी नोंद लंगडी पडते.

१. माणसं यायच्या आधीची तयारी

उजनी धरणातून विसर्ग वाढवल्याची किंवा सीनेचं पाणी चढत असल्याची बातमी आली की शाळेच्या किल्ल्या आधी मागवल्या जातात. त्याच वेळी ही कामंही करून घ्या.

प्रत्येक खोलीच्या दारावर खडूनं ठळक क्रमांक टाका. सभामंडप असेल तर खांबांना क्रमांक द्या आणि दोन खांबांमधली जागा म्हणजे एक 'खोली' धरा. पुढे याच क्रमांकावरून साथ कुठून सुरू झाली ते कळणार आहे.

सामान एका पेटीत ठेवा: दोन लांब नोंदवह्या, बॉलपेन, तीन-चार थर्मामीटर, बॅटरी, साबण, ओआरएस, झिंकच्या गोळ्या, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं किट, ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, झाकणाच्या स्वच्छ डब्या, चिकटपट्टी, हातमोजे. टीसीएलची पिशवी गेल्या वर्षीची, ओल धरलेली, गोळे झालेली असेल तर ती बाजूला काढा. तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पावडर टाकल्याचं समाधान मिळतं, पाणी मात्र तसंच राहतं.

एक प्रमुख ठरवा, आणि एकच. तीन विभागांची तीन माणसं तीन वह्या लिहीत बसली की संध्याकाळी कुठलाच आकडा जुळत नाही. प्रमुखाच्या हाताखाली दर खोलीला एक 'खोलीमित्र' नेमा. तो आश्रयाला आलेल्या माणसांतलाच हवा, शक्यतो बाई असावी. रात्री कोण किती वेळा उठून बाहेर गेलं हे बाहेरच्या स्वयंसेवकाला कधीच कळत नाही. शेजारी झोपलेल्या बाईला ते बरोबर ठाऊक असतं.

> तपासा: तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि १०८ हे तिन्ही क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लागले आहेत का? केंद्र सोलापूर शहराच्या हद्दीत असेल तर कळवायचं महापालिकेच्या आरोग्य विभागाला, ग्रामीण भागात असेल तर जिल्हा परिषदेच्या. हद्दीवरच्या केंद्रांत हा घोळ हमखास होतो. तो पहिल्याच दिवशी मिटवा.

२. आधी डोकी मोजा, मग रुग्ण

'पाच जणांना जुलाब' एवढ्यानं काहीच ठरत नाही. ४० माणसांत पाच आणि ४०० माणसांत पाच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून रोज एकदा डोकी मोजायचीच.

ही मोजणी रात्रीच्या जेवणानंतर करा. दिवसा अर्धी माणसं गावात चिखल काढायला, जनावरं बघायला गेलेली असतात. जेवणाच्या ताटांवरून माणसं मोजू नका. ताटं नेहमीच जास्त भरतात, कारण शेजारच्या वस्तीवरचे लोकही जेवायला येतात, आणि ते यावेतच.

दर खोलीमागे पाच आकडे लिहा: एकूण माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठीपुढचे, आणि रोजचं औषध चालू असलेले. शेवटच्या रकान्यात क्षयरोगाचं औषध घेणाऱ्यांची नीट विचारपूस करा. गोळ्यांचं पाकीट बहुतेक वेळा घराबरोबर पाण्यात गेलेलं असतं. ते दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवा. ही विचारणा बाजूला घेऊन, हळू आवाजात करायची. खोलीत सगळ्यांसमोर 'टीबीचं कोण आहे' असं विचारलं तर कुणीच सांगणार नाही.

मुलांचं गोवर-रुबेला लसीकरण याच वेळी विचारून घ्या. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. कार्ड वाहून गेलं असेल तर गावच्या आशाताईंच्या यादीत बघा. दाटीच्या जागी गोवर फार वेगानं पसरतो. लस राहिलेल्या मुलांची यादी हाताशी असली तर डॉक्टरांना लगेच निर्णय घेता येतो.

३. कशाला रुग्ण म्हणायचं ते ठरवा

एकानं दोनदा शौचाला गेलेल्यालाही जुलाबाचा रुग्ण धरलं आणि दुसऱ्यानं सलाईन लागल्याशिवाय धरलं नाही, तर वाढ-घट कळणार कशी? पुढच्या व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि फेरी करणाऱ्या प्रत्येकाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या.

- जुलाब: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच.
- पटकीचा (कॉलऱ्याचा) संशय: दोन वर्षांपुढच्या माणसाला पाण्यासारखे जुलाब, आणि डोळे खोल जाणं, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू परत बसणं, पाणी पिण्याचंही त्राण नसणं. जुलाबानं मृत्यू झाला असेल तर तोही यातच.
- रक्ती जुलाब: शौचात डोळ्यांना दिसणारं रक्त.
- ताप आणि पुरळ: अंगावर लाल पुरळ, सोबत ताप. खोकला, सर्दी, लाल डोळे असतील तर गोवराचा संशय दाट.
- कावीळ: डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, लघवी गडद.
- पुराच्या पाण्यात वावरल्यानंतरचा ताप: अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा आजार) असू शकतो.
- नुसता ताप: वरच्या कशातच न बसणारा. मलेरिया, डेंग्यू यात लपलेले असतात.
- मुलाचा जोराचा श्वास: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं.
- अचानक लुळेपणा: पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणं.
- मृत्यू: कोणत्याही कारणानं, कोणत्याही वयाचा.

डोळे येणं, खरूज, चिखल्या हे भरपूर दिसतील. त्यांची फक्त संख्या लिहा, नावं नकोत.

> सावधान: 'पाणी बदललं की पोट बिघडतंच', 'लहान पोराला दात येतायत', 'दमलाय म्हणून अंग तापलंय' अशी कारणं देऊन नोंद टाळू नका. कारण काहीही असो, व्याख्येत बसलं की वहीत लिहायचं.

४. रोजची फेरी

दिवसातून दोनदा फिरा, एकदा पहाटे माणसं बाहेर पडायच्या आत आणि एकदा रात्रीच्या जेवणानंतर. दुपारी अकराची फेरी सोयीची असते, पण त्या वेळी खोलीत म्हातारी आणि लेकरं सोडून कुणी नसतं.

फेरीत आधी खोलीमित्राला बाजूला विचारा, मग प्रत्येक कुटुंबापाशी बसा. प्रश्न नेमका हवा. 'सगळे बरे आहात ना?' असं विचारलं की 'बरं हाय' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: 'काल रात्रीपासून पातळ शौचाला कोण गेलं? किती वेळा? अंग कुणाचं तापलंय? उलटी कुणाला झाली? लघवी लालसर-पिवळी कुणाला होतीय?' अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या केंद्रांत कन्नड बोलणारं, शहरात गरजेप्रमाणे तेलुगू किंवा उर्दू बोलणारं माणूस फेरीत हवंच. बाईच्या आजाराचे प्रश्न बाईनंच विचारावेत.

अंथरुणावर पडलेल्या प्रत्येकाजवळ जा, घरचे 'झोपलाय' म्हणाले तरी हात लावून बघा.

मग शौचालयाकडे. दारं आतून नीट लागतात का, रात्री दिवा असतो का, हात धुवायला पाणी आणि साबण आहे का हे बघा. सुरुवातीच्या धांदलीत ५० माणसांमागे एक तरी शौचालय हवं, पुढे २० माणसांमागे एक. रात्री अंधार असेल तर बाया जेवण आणि पाणी दोन्ही कमी करतात. जुलाब झालेल्या बाईनं पाणी कमी प्यायलं तर तिची तब्येत झपाट्यानं ढासळते.

५. वही कशी लिहायची

दर रुग्णाची एक ओळ. रकाने असे: अनुक्रमांक, खोली, नाव, वय, स्त्री/पुरुष, मूळ गाव-वस्ती, व्याख्या, लक्षण सुरू झाल्याची तारीख, नोंदीची तारीख, पिण्याचं पाणी कुठलं, कुठे पाठवलं, पुढे काय झालं.

'लक्षण सुरू झाल्याची तारीख' हा रकाना सर्वांत जास्त चुकतो. तिथे नोंदीचीच तारीख टाकली जाते. समजा सोमवारपासून रोज दोघं आजारी पडतायत आणि पथक गुरुवारी आलं. नोंदीच्या तारखेनुसार गुरुवारी एकदम आठ रुग्ण दिसतील. सुरुवातीच्या तारखेनुसार बघितलं तर चार दिवस संथपणे काहीतरी चाललंय हे दिसेल. पहिल्या चित्रावरून तुम्ही बुधवारच्या जेवणाला दोष द्याल, आणि खरा दोष पाण्यात असेल.

तारीख आठवत नसेल तर आठवणीला खूण द्या: 'मदतीचा टेम्पो आला त्याच्या आधी का नंतर?'

आदल्या फेरीतला रुग्ण पुन्हा नवा म्हणून लिहू नका. त्याची जुनी ओळ शोधून 'पुढे काय झालं' यात भर घाला. तो नातेवाइकांकडे निघून गेला असेल तर कुठल्या गावी तेही लिहा.

> सावधान: वहीच्या पानाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर फक्त आकडे जातील. एकदा नाव फिरलं की पुढच्या रात्री कुणी आजार सांगणार नाही, आणि त्या कुटुंबाला खोलीत जगणं नकोसं होतं.

६. रोजचा आकडा, शून्य असला तरी

रात्रीच्या फेरीनंतर ठरलेल्या वेळी एक ओळ वर गेलीच पाहिजे: केंद्राचं नाव, एकूण माणसं, व्याख्येनुसार आजचे नवे रुग्ण (पाच वर्षांखालचे आणि वरचे वेगळे), मृत्यू. एकही रुग्ण नसेल तर '०' लिहा. रिकामी जागा ठेवली तर वर बसलेल्या माणसाला तिचे दोन अर्थ लागतात: रुग्ण नाहीत, किंवा फेरीच झाली नाही. हे दोन्ही एकसारखे दिसू देणं धोक्याचं आहे.

ही माहिती पुढे आयएचआयपी या साथींवर नजर ठेवणाऱ्या राष्ट्रीय पोर्टलवर चढते. तिथे आरोग्यसेवक लक्षणांवरून, डॉक्टर तपासणीवरून आणि प्रयोगशाळा चाचणीवरून असे तीन वेगळे अर्ज भरतात. निवारा केंद्रातल्या नोंदी गावाच्या रोजच्या नोंदीत मिसळून गेल्या तर केंद्रातली वाढ झाकली जाते. म्हणून केंद्राचा आकडा वेगळा कळतोय ना, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून पक्कं करा.

७. फोन कधी उचलायचा

काही बाबतींत एकच रुग्ण पुरेसा आहे. पटकीचा संशय, ताप-पुरळ, मुलाचा लुळेपणा, तापासोबत रक्तस्राव, कारण न कळलेला मृत्यू: यांपैकी काहीही दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा. अहवाल नंतर लिहा. 'सकाळी साहेब आले की सांगू' यात गेलेले सहा तास पटकीच्या रुग्णाला परवडत नाहीत. गाडी येईपर्यंत ओआरएस चालू ठेवा, एक पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात, असं अंदाजानं करू नका.

जुलाबासाठी मी धरतो तो नियम साधा आहे. आजचे नवे रुग्ण गेल्या तीन दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट झाले, किंवा एकाच खोलीत २४ तासांत तीन झाले, की फोन. काविळीचे आठवड्यात दोन झाले की फोन. फोन फुकट गेला असं वाटलं तरी चालेल. आरोग्य केंद्रातल्या माणसांनीही अशा फोनवर 'उगाच घाबरवता' म्हणू नये, कारण पुढच्या वेळी तो फोन येणारच नाही.

८. नमुना

जुलाबाचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यायचा. क्रम उलटा झाला तर जंतू सापडत नाहीत आणि 'पटकी नाही' असा खोटा दिलासा मिळतो. मात्र नमुन्यासाठी ओआरएस किंवा सलाईन अडवून ठेवायचं नाही, ते लगेच सुरू करा. पटकीच्या तपासणीसाठीची कॅरी-ब्लेअर माध्यमाची (नेताना नमुन्यातले जंतू जिवंत ठेवणारी) नळी बर्फात गोठवू नका. मुलाच्या लुळेपणात शौचाचे दोन नमुने लागतात, २४ तासांच्या अंतरानं, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि ते थंडच न्यावे लागतात. डबीवर नाव, वय, केंद्र, तारीख-वेळ लिहिल्याशिवाय ती हातातून सोडू नका. नमुना कुठे पाठवायचा ते तालुका आरोग्य अधिकारी सांगतील.

९. आकड्यांवरून कारणाकडे

समजा सहा खोल्यांच्या शाळेत २१२ माणसं आहेत आणि दोन दिवसांत १३ जणांना जुलाब झाले. नुसतं १३ बघितलं तर सगळी शाळा आजारी वाटते. खोल्यांप्रमाणे मांडा. चौथ्या खोलीत ३८ माणसं, त्यांतले ९ आजारी, म्हणजे शंभरी सुमारे २४. बाकीच्या खोल्यांत १७४ माणसं, त्यांतले ४ आजारी, म्हणजे शंभरी दोनाच्या आसपास. आता चौथ्या खोलीत वेगळं काय आहे ते जाऊन बघा. बाकीचे तोटीच्या जारमधून पाणी घेतात. चौथीतले व्हरांड्यातल्या निळ्या पिंपातून घेतात, ज्याला तोटी नाही, आणि प्रत्येक जण आपला तांब्या आत बुडवतो. जेवण सगळ्यांचं एकाच पंगतीत, त्यामुळे जेवणावरचा संशय कमी होतो.

दर रुग्णापुढे खोली आणि पाण्याचा रकाना भरलेला असला तर हा शोध तासाभरात लागतो. नसला तर सगळ्यांना प्रतिजैविकं वाटण्याची घाई होते आणि पिंप तिथेच राहतं.

पिंप बंद करा, रिकामं करून घासा, तोटी बसवा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं निवळू द्या. गढूळ पाण्यात टीसीएल वाया जाते. चांगली टीसीएल १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. अर्धा तास थांबा, मग तोटीशी क्लोरीन तपासा, टाकीशी नव्हे. लिटरला किमान ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. साथ सुरू असताना ०.५ च्या खाली जाऊ देऊ नका. किट काहीच रंग दाखवत नसेल तर आणखी निवळी घाला, पुन्हा अर्धा तास थांबा.

> तपासा: टँकर आला की प्रत्येक टँकरचं पाणी तपासलं जातं का? सकाळचा टँकर तपासला म्हणजे संध्याकाळचाही बरोबर असेल असं धरू नका. दोघांचा विहीर-बोअर वेगळा असू शकतो.

१०. नदीपलीकडचं

दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत काही पट्ट्यात भीमा हीच महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द आहे. इथली माणसं इंडी, अफजलपूरला नातेवाइकांकडे जातात, जास्त झालं तर विजयपूर किंवा कलबुर्गीचा दवाखाना गाठतात. तिकडे गेलेला रुग्ण आपल्या वहीतून नाहीसा होतो आणि तिकडे त्याचा पत्ता सोलापूरचा लागतो, म्हणून दोन्हीकडे तो कुणाचाच राहत नाही.

यावर उपाय वहीतच आहे. केंद्र सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कुठे जाताय हे विचारा, गाव आणि तालुका लिहा. कुणी आजारी असताना हद्दीपलीकडे गेलं तर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा, म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अधिकारी पलीकडच्या जिल्ह्याला कळवतील. गोवराच्या रुग्णाला तर हे लागूच आहे: पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत तो दुसऱ्याला लागण देतो.

११. केंद्र बंद झालं, काम नाही

पाणी ओसरतं, शाळा धुऊन निघते, आणि वही कपाटात जाते. ही चूक सगळ्यात सर्रास होते. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत दिसते, पण लेप्टोचा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो आणि महिनाभरापर्यंत येऊ शकतो. दूषित पाण्यातून होणारी अ प्रकारची कावीळ १५ ते ५० दिवसांनी डोळ्यांत दिसते. म्हणजे केंद्रात प्यायलेल्या पाण्याचा आजार माणूस घरी, चिखल काढून झाल्यावर, रब्बीच्या तयारीला लागल्यावर भोगतो. तोपर्यंत डासांच्या अळ्याही साचलेल्या डबक्यांत आठ-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर पडलेल्या असतात.

केंद्र बंद होण्याच्या आदल्या रात्री कुटुंबांची यादी गावाप्रमाणे वेगळी करा आणि त्या त्या आशाताईंच्या हाती द्या. पहिला महिना आठवड्यातून दोनदा ताप, जुलाब, कावीळ विचारायची, पुढे सातव्या आठवड्यापर्यंत एकदा. घरातली टाकी, रांजण, हौद आठवड्यातून एक दिवस कोरडे करायचे. लेप्टोवरचं प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. पुराच्या पाण्यात कोण किती दिवस होतं आणि कुणाच्या पायाला जखम होती, हे सांगणारी यादी मात्र त्यांना तुमच्याकडूनच मिळणार आहे.

मूळ वही प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा करा, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, आणि दोन्हीकडून पोच घ्या.